गावचं दुकान, शिकागोचा कॅटलॉग की जानेवारीचा सेल? १९१३ सालच्या एका अमेरिकन शेतकरी घराचा हिशेब

समजा, साल १९१३ आहे आणि महिना जानेवारीचा. आयोवा राज्याच्या पूर्व भागात तुमचं मक्याचं शेत आहे, गाव सहा मैलांवर. डुकरं नुकतीच विकली, त्यामुळे वर्षात क्वचित दिसणारी गोष्ट घरात आहे: रोख पैसा. चादरी विरल्यात, मुलाचे बूट फाटलेत, स्वयंपाकाची शेगडी बदलायला झाली आहे, रॉकेल आणि साखर तर नेहमीचीच. शिवाय गावच्या दुकानदाराच्या वहीत उन्हाळ्यापासूनची बाकी आहे. हा पैसा कुठे खर्च करायचा?

त्या काळच्या लाखो अमेरिकन घरांपुढे हा प्रश्न खरोखर होता. आज त्याबद्दल वाचायला बसलं की दोन टोकं भेटतात. एकीकडे शेकोटीभोवती गप्पा रंगवणारं प्रेमळ खेडेगावचं दुकान, दुसरीकडे शेतकऱ्याला लुटारू दुकानदाराच्या तावडीतून सोडवणारा, टपालाने माल मागवायचा छापील कॅटलॉग. माझ्या मते दोन्ही चित्रं अर्धवट आहेत, कारण दोन्हींत एक गोष्ट सुटते. ती म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातात पैसा नेमका कोणत्या महिन्यात येतो. वस्तू स्वस्त पडली की महाग, हे त्यावर फार ठरायचं. म्हणून खालचा आढावा भाव आणि दर्जा यांच्याबरोबर महिन्यांचाही आहे.

गावचं दुकान

एकाच छपराखाली सगळं. एका बाजूच्या फडताळांत कापडाचे तागे, दोरा, बटणं. दुसऱ्या बाजूला कॉफी, साखर, मीठ, तंबाखू. मागच्या अंगाला रॉकेलचं पिंप, खिळे, दोरखंड, घोड्याचं सामान. मधोमध कोळशाची शेगडी. माल काउंटरच्या पलीकडे असायचा. तुम्ही मागायचा, दुकानदार काढून तोलून द्यायचा. पिंपातली सुटी बिस्किटं मात्र हळूहळू मागे पडत होती. १८९८ मध्ये नॅशनल बिस्किट कंपनी निघाली आणि लवकरच तिचा मेणकागदात बांधलेला 'युनीडा' बिस्किटांचा पुडा दुकानादुकानांत पोचला. दमट हवेतही कुरकुरीत राहणारं बिस्किट ही तेव्हाची मोठी सोय होती.

दुकानाचा खरा माल होता उधारी. एप्रिलमध्ये बी-बियाणं, मे-जूनमध्ये कॉफी-साखर, ऑगस्टमध्ये मुलांना शाळेचे बूट, आणि पैसे पीक किंवा जनावरं विकल्यावर. मधल्या महिन्यांत घर चालायचं ते त्या वहीवर. आजारपण आलं, गारपीट झाली, तरी ओळखीचा दुकानदार खातं पुढे ओढायचा. शिकागोची कोणतीही कंपनी पूर्व आयोवातल्या एका घराची गारपीट ओळखणार नव्हती.

दुसरी सोय बायकांच्या हातची. अंडी आणि लोणी दुकानात द्यायचं आणि तेवढ्याच किमतीचं सामान न्यायचं. अनेक शेतघरांत वाणसामान असंच यायचं, पुरुषाच्या खिशाला हात न लावता. पण यात एक गोम होती. अंड्यांच्या बदल्यात दुकानदार बहुधा माल देई, रोख नाही. म्हणजे बाईची कमाई त्याच दुकानात खर्च व्हायची, त्याच्या भावाने. ताज्या आणि आठवडाभर ठेवलेल्या अंड्यांना अनेक ठिकाणी एकच भाव मिळे, त्यामुळे निगुतीने काम करणारीचं नुकसान व्हायचं.

आता भाव. पुष्कळ दुकानांत वस्तूवर आकड्यांऐवजी अक्षरं लिहिलेली असत. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द दुकानदाराने ठरवलेला असे, एकेक अक्षर म्हणजे एकेक अंक. वस्तूची मूळ खरेदी त्याला कळायची, तुम्हाला नाही. मग गिऱ्हाईक पाहून भाव. घासाघीस जमणाऱ्याला एक, भिडस्ताला दुसरा, उधारीवाल्याला तिसरा.

उधारीचा भाव चढा का, याचं एक कारण दुकानदाराच्या लबाडीत नसून त्याच्या अडचणीत होतं. घाऊक व्यापारी त्याला मुदतीवर माल देई आणि दहा दिवसांत पैसे भरले तर दोन-एक टक्के सूट देई. पण दुकानदाराचा पैसा गावाच्या वहीत अडकलेला. त्यामुळे ती सूट त्याच्या हातून जायची, बुडीत खात्यांचा भार वर, आणि हे सगळं शेवटी कॉफीच्या भावात मिसळायचं. वेळेवर पैसे देणारं घर न देणाऱ्याचंही थोडंफार भरत असे.

आयोवात हे सोसण्याजोगं होतं. दक्षिणेच्या कापूसपट्ट्यात नव्हतं. तिथे दुकानदार उभ्या पिकावर तारण घेई आणि रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा असे उघड दोन भाव लावी. १८८० च्या दशकातल्या जॉर्जियातल्या अशा दोन भावांवरून आर्थिक इतिहासकारांनी काढलेला व्याजाचा दर वर्षाला ६० टक्क्यांच्या जवळ जातो. तिथलं कूळ डिसेंबरात हिशेबाला बसे तेव्हा कापूस विकूनही हातात काही उरत नसे, आणि पुन्हा त्याच वहीवर नवीन वर्ष सुरू होई. हा भाग वाचताना राग येतो आणि तो यायलाच हवा.

शिकागोचा कॅटलॉग

आरन माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये शिकागोहून १६३ वस्तूंची एक पानी किंमतयादी पाठवली. पसंत नसेल तर पैसे परत, हे त्याचं वचन १८७५ पासूनचं. रिचर्ड सीअर्सने १८८६ मध्ये घड्याळं विकायला सुरुवात केली, १८९५ मध्ये ज्यूलियस रोझनवाल्ड भागीदार झाला, आणि १९०६ मध्ये शिकागोच्या पश्चिमेला ४० एकरांवर त्याच्या 'सीअर्स, रोबक' कंपनीचं प्रचंड मालघर उभं राहिलं. कॅटलॉग मुख्यतः वर्षातून दोनदा यायचा, वसंतात आणि पानगळीला. शिवणयंत्रापासून नांगरापर्यंत आणि १९०८ पासून सुट्या भागांच्या आख्ख्या लाकडी घरापर्यंत सगळं त्यात.

मला कॅटलॉगचं सगळ्यात मोठं देणं वाटतं ते छापील भाव. शेतकरी असो की शिक्षक, स्वीडनहून कालपरवा आलेला असो की तिसऱ्या पिढीचा अमेरिकन, पान तेच आणि किंमतही तीच. दक्षिणेतल्या काळ्या कुटुंबांसाठी तर याचं मोल पैशापलीकडचं होतं. गावच्या दुकानात गोरं गिऱ्हाईक आलं की त्यांना बाजूला थांबावं लागे, कोणता माल द्यायचा हेही दुकानदार ठरवी. मागणीपत्र टपालात टाकताना रांगेत मागे ढकलायला कोणी नसे.

कॅटलॉगच्या भावात वाहतूक मात्र धरलेली नसे, आणि हिशेब तिथेच चुकायचा. त्यामुळे १९१३ चा जानेवारी महत्त्वाचा. खेड्यापाड्यांत घरपोच टपाल १८९६ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालं आणि १९०२ मध्ये कायम झालं, पण टपालातून चार पौंडांपर्यंतचंच पार्सल जाई, तेही औंसाला एक सेंट, म्हणजे पौंडाला १६ सेंट या जबर दराने. त्याहून जड काही असलं तर खासगी एक्स्प्रेस कंपन्या, आणि त्यांचं सामान बहुधा रेल्वे स्टेशनवर येऊन थांबे. १ जानेवारी १९१३ पासून सरकारी पार्सल पोस्ट सुरू झालं. मर्यादा ११ पौंड, दर अंतराप्रमाणे. शिकागोपासून १५० ते ३०० मैलांच्या टप्प्यात पहिल्या पौंडाला ७ सेंट आणि पुढच्या प्रत्येक पौंडाला ५. म्हणजे ११ पौंडांचं गाठोडं ५७ सेंटमध्ये तुमच्या फाटकापाशी. तेवढंच वजन आदल्या महिन्यात तीन पार्सलांत फोडून पाठवलं असतं तर १ डॉलर ७६ सेंट लागले असते. सवलतीचा सेल म्हणायचा तर त्या जानेवारीतला सगळ्यात मोठा सेल टपालखात्यातच होता.

गावोगावच्या दुकानदारांनी पार्सल पोस्टला जीव तोडून विरोध केला होता. 'गावातच खरेदी करा' अशा मोहिमा निघाल्या, काही ठिकाणी कॅटलॉग जमा करून त्यांची होळीही झाली. त्यांची भीती खोटी नव्हती. खेड्यातलं टपाल कार्यालय बहुतेकदा दुकानाच्याच एका कोपऱ्यात असे आणि पत्र न्यायला आलेला माणूस दोन वस्तू घेऊन जाई. अमेरिकेत १९०१ मध्ये ७६,९४५ टपाल कार्यालयं होती. तो आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही, कारण पोस्टमन दारी येऊ लागला तशी हजारो छोटी कार्यालयं बंद झाली. दुकानाची वर्दळ घटली ती अशी, कॅटलॉगमधला एकही बूट विकला जाण्याआधीच.

कॅटलॉगच्या उणिवा साध्या आहेत. कापड हाताला लागत नाही. बूट मापात बसला नाही तर परत पाठवायचा, पैसे मिळतात पण आठवडे जातात, आणि हिवाळ्यात मुलगा तोवर काय घालणार? पैसे आधी पाठवायचे, मनीऑर्डरने. अंडी शिकागोला पाठवून बदल्यात साखर मिळत नाही. थोडक्यात, ज्याच्याकडे आज रोख आहे आणि जो थांबू शकतो, त्याच्यासाठीच कॅटलॉग.

जानेवारीचा आणि जुलैचा सेल

हंगामी सेल शहरी डोक्यातून निघाला. फिलाडेल्फियातल्या मोठ्या दुकानाचा मालक जॉन वॉनमेकर याने जानेवारी १८७८ मध्ये पांढऱ्या कापडाचा सेल लावला: चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ. नाताळ संपल्यावर दुकानं ओस पडतात, त्या महिन्यात गिऱ्हाईक आणायची ही युक्ती. लवकरच जानेवारी म्हणजे पांढरं कापड हे समीकरण देशभर रुजलं. हाच वॉनमेकर १८८९ ते १८९३ या काळात अमेरिकेचा पोस्टमास्टर जनरल होता आणि खेड्यांत घरपोच टपाल व सरकारी पार्सल सेवा असावी म्हणून त्याने आग्रह धरला होता. शहरातल्या सेलचा जनक आणि खेड्यातल्या पार्सलाचा पुरस्कर्ता एकच माणूस, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

सेलचं शास्त्र सगळ्यात उघडपणे मांडलं ते बॉस्टनच्या 'फिलीन्स' या दुकानाने. १९०९ मध्ये त्यांच्या तळघरातलं विक्री दालन सुरू झालं. प्रत्येक वस्तूवर ती दालनात आल्याची तारीख. बारा विक्रीदिवसांत खपली नाही तर भाव २५ टक्के खाली, अठरा दिवसांनी ५०, चोवीस दिवसांनी ७५, आणि तीस दिवसांनी उरलेलं धर्मादाय संस्थेला. नियम भिंतीवर लिहिल्यासारखा स्पष्ट. गिऱ्हाइकाला ठरवायचं एवढंच की आज घ्यावं की थांबावं, आणि थांबलो तर दुसरं कोणी उचलेल का.

पण आयोवातल्या घराला बॉस्टनचा काय उपयोग? त्याच्या वाट्याला यायचा तो तालुक्याच्या गावातल्या, तिथल्या भाषेत काउंटी सीटच्या, कापडदुकानाचा सेल. दुकानदार वर्षातून दोनदा शिकागो किंवा सेंट लुईसला जाऊन हंगामाचा माल भरायचा. नवा माल यायच्या आत जुना काढायला हवा, म्हणून जानेवारीत लोकरी कोट आणि जुलै-ऑगस्टमध्ये मलमल, गिंगहॅम (चौकडीचं सुती कापड), गवती टोप्या स्वस्त. साप्ताहिकात मोठी जाहिरात, दारावर कापडी फलक. हे सेल बहुधा खरे असत, कारण दुकानदाराला पैसा मोकळा करायची निकड असे. तरी दोन गोष्टी बघून घ्याव्या लागत. पहिली, आधीचा भाव कोणता होता. अक्षरांच्या खुणा असलेल्या दुकानात 'निम्म्या किमतीत' याला अर्थ नाही. आणि दुसरी, माल त्याच हंगामातला आहे की फक्त सेलसाठी मुद्दाम मागवलेला हलका माल आहे. कापड हातात घेऊन, उजेडात धरून पाहता येतं हा इथला मोठा फायदा, जो कॅटलॉग कधीच देऊ शकत नाही.

आणि एक कडक अट: सेलचा भाव रोखीला. वहीवर नाही.

पाच-दहा सेंटची आणि रोखीची दुकानं

यांच्यावर थोडक्यात. फ्रँक वूलवर्थचं पहिलं दुकान १८७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकात बंद पडलं, पण त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टरमध्ये चाललं. १९१२ मध्ये विलीनीकरणानंतर त्याच्या कंपनीची ५९६ दुकानं झाली. कोणतीही वस्तू दहा सेंटच्या वर नाही. कपबशा, सुया, रिबिनी, नाताळची काचेची शोभा. इथे सेलची वाट बघायचं कारणच नाही, वर्षभर भाव तोच.

जेम्स कॅश पेनी याची गोष्ट मात्र आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी जाते. १४ एप्रिल १९०२ रोजी त्याने वायोमिंगमधल्या केमरर या हजारेक वस्तीच्या कोळसाखाणीच्या गावात 'गोल्डन रूल' नावाचं दुकान भागीदारीत उघडलं. खाणकामगारांना कंपनीच्या दुकानात उधारी मिळत होती, त्यामुळे रोखीचं दुकान इथे चालणार नाही असं लोक सांगत होते. पहिल्या दिवसाची विक्री ४६६ डॉलर ५९ सेंट झाली. एकच भाव, उधारी नाही, म्हणून बुडीत खातं नाही, म्हणून भाव कमी. उधारीत जगणाऱ्या माणसालाही रोखीचा स्वस्त भाव दिसला की तो कुठून तरी रोख जमवतो, हे त्या दिवसाने दाखवलं. पण केमररच्या कामगाराला मजुरी वर्षभर नियमित मिळत होती. शेतकऱ्याचं तसं नाही.

पीक कधी, सेल कधी

आता सगळं एकमेकांशेजारी ठेवून बघू.

कॅन्ससमधल्या हिवाळी गव्हाच्या शेतकऱ्याची कापणी जून-जुलैत. त्याचा पैसा उन्हाळी कापडाच्या सेलच्या वेळीच येतो. पण त्याला तेव्हा खरी गरज असते हिवाळ्याच्या कोटाची, जो तेव्हा पूर्ण भावाने येऊ घातलेला. पुढच्या वर्षाचं उन्हाळी कापड आज घेऊन ठेवण्याची शिस्त असेल तर त्याचा लाभ मोठा, नाहीतर सेल त्याला हुलकावणी देतो.

कापसाच्या कुळाचा हिशेब डिसेंबरात. जानेवारीचा सेल अगदी दाराशी, पण खिशात काही उरलेलं नाही आणि पीक तारणात. त्याच्या बाबतीत कोणतं दुकान स्वस्त हा प्रश्न विचारणंच अन्यायाचं आहे. त्याच्यापुढे निवड नव्हती.

आयोवाचा मका-डुकरांचा शेतकरी या दोघांहून नशीबवान. डुकरं मक्यावर पोसून हिवाळ्यात विकली की पैसा बरोबर पांढऱ्या सेलच्या महिन्यात येतो. शिवाय शेतात काम कमी, घरात शिवणकामाला वेळ, आणि नवं पार्सल पोस्ट. काळही चांगला होता. १९०९ ते १९१४ ही वर्षं अमेरिकी शेतीला इतकी बरी गेली की पुढे सरकारने शेतमालाचे रास्त भाव ठरवताना तीच वर्षं पाया म्हणून धरली.

तेव्हा सुरुवातीच्या घराला माझा सल्ला असा.

पहिला पैसा दुकानदाराच्या वहीत भरा, पूर्ण. सेलमध्ये चादरीवर वाचलेले पन्नास सेंट उधारीच्या चढ्या भावात दोन महिन्यांत निघून जातात. बाकी शून्य झाली की दुकानात रोखीचा भाव मागायचा अधिकार येतो, आणि तो मोकळेपणी मागावा. पुष्कळ दुकानदार आनंदाने पाच-दहा टक्के सोडतात, कारण त्यांना घाऊक व्यापाऱ्याची सूट मिळवायची असते. पण खातं बंद करू नका. पुढच्या उन्हाळ्यात गारा पडल्या तर तेच उपयोगी येईल.

चादरींसाठी काउंटी सीटचा जानेवारी सेल. शिवलेली चादर न घेता ताग्यातून वारावर पांढरं कापड घ्या, सूत उजेडात बघून, आणि घरी शिवा. प्रवास एका दिवसाचा आहे, म्हणून त्याच फेरीत सुया, दोरा, कपबशा पाच-दहा सेंटच्या दुकानातून.

बूट गावातच, पायात घालून बघून. इथे कॅटलॉगचा भाव कितीही मोहवो, वाढत्या पायाचं माप टपालाने कळत नाही. कॅटलॉग मात्र सोबत न्या. दुकानदारासमोर मुद्दाम उघडून त्याला खिजवायची गरज नाही, भाव तुम्हाला माहीत आहे एवढं पुरतं.

शेगडी कॅटलॉगमधून, आणि टपालाने नव्हे तर रेल्वे मालगाडीने. मालवाहतुकीचं किमान भाडं १०० पौंडांचं धरलं जाई, म्हणून सीअर्स आणि वॉर्ड दोन्ही कंपन्या शेजाऱ्यांबरोबर मिळून जड माल मागवायला सांगत. शेजारच्या घराला कुंपणाची तार हवी असेल तर एकत्र मागवा, भाडं वाटून घ्या, स्टेशनवरून एकाच गाडीतून आणा. शेगडीच्या किमतीत गावात आणि कॅटलॉगमध्ये पडणारा फरक वाहतूक धरूनही उरतो. कपडे, घड्याळ, शिवणयंत्राचे सुटे भाग अशा अकरा पौंडांच्या आतल्या गोष्टींना नवं पार्सल पोस्ट.

रॉकेल, साखर, मीठ, कॉफी गावातच, अंड्यांवर. पण अंडी देताना भाव दोन दुकानांत विचारा, आणि ताजी अंडी वेगळी मोजून घ्यायला सांगा. ते पैसे घरातल्या बाईचे आहेत. दुकानदाराने थोडी रोख देऊ केली तर माल कमी घेऊन रोख घ्या, कारण फेब्रुवारीत लोकरी कोटावरची शेवटची सवलत लागते तेव्हा वहीचा उपयोग नसतो, नाणीच लागतात.